कोरडी भुकटी

१२ जुलै १९५७

दुधाच्या भुकटीची पिपं आज एकदाची आली. आरमोरीच्या घाटावरून सुकलू ढिवरानं ती आपल्या डोंग्यातून आणली. वर पळसाची पानं आणि त्यावर स्वतःचं घोंगडं झाकलेलं. पिपं कोरडी, सुकलू मात्र चिंब. अख्खं मोहघाट शाळेसमोर जमलं. बापूजी पाटलांनी पिपावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मास्तर, याची गाय कुठी आहे?" सगळे हसले. मीही हसलो.

निरीक्षकसाहेबांनी आम्हा मास्तरांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. पाणी उकळायचं, कोमट झालं की त्यात भुकटी फेटायची, दूध शाळेतच पाजायचं, भुकटी कोणाच्या घरी द्यायची नाही. हे सगळं ते घाईघाईत बोलले. मग बोट उगारलं. "भुकटी कोरडी राहिली पाहिजे. ओल लागली तर जबाबदार तुम्ही." हे त्यांनी दोनदा सांगितलं.

इथे ओल लागणार नाही तर काय होणार? गावापुढे वैनगंगा, मागे नाला. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी आणि मधे आम्ही.

१६ जुलै

आज पहिल्यांदा दूध वाटलं. करायला सुगंधाबाई आहे. एकटीच राहते, नवरा मागेच वारला, मूलबाळ नाही. हात स्वच्छ आणि तोंड बंद, म्हणून मीच तिला नेमली. ओसरीवर भुकटीच्या खोलीच्या दाराशीच चूल मांडली आहे, म्हणजे माझं दोन्हीकडे लक्ष राहतं.

पोरांनी आधी वास घेतला, तोंडं वाकडी केली, मग एकानं पेला रिकामा केला आणि बाकीच्यांनी रांग मोडली. सुकलूची कमळा भावाच्या मागे लपून आली होती. अजून शाळेच्या वयाची नाही. नियमाप्रमाणे तिला देता येत नाही. तिनं पेला मागितला नाही, नुसती बघत उभी राहिली. दिलं. नाकाला फेस लावून म्हणते, "मास्तर, उद्या बी आहे का?"

या दिवसांत गावात खायला कमीच असतं. धान रोवून झालेलं, कोठीत तळाशी थोडं उरलेलं. अशा वेळी आपण मुलांच्या पोटात दूध घालतो आहोत याचं समाधान वाटलं. वच्छला ब्रह्मपुरीला माहेरी गेली आहे. इथे असती तर तिला दाखवलं असतं.

२४ जुलै

पाऊस सुटत नाही. सकाळी उघडलेल्या पिपात हात घातला तर बोटाला गठळी लागली. लिंबाएवढी, बाहेरून घट्ट, आत ओलसर. 

नाल्यापलीकडच्या गावात रामाजी मास्तर आहेत. गेल्या वर्षी त्यांचं एक पीप दगडासारखं झालं. तपासणीला आलेल्या साहेबानं मुलांसमोर पहारीसारखी सब्बल मागवली आणि मास्तरांनाच ते फोडायला लावलं. मुलं हसत होती म्हणे. रामाजी मास्तर हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

माझ्या बाबतीत हे होऊ देणार नाही.

२७ जुलै

दोन दिवस राबलो. फळ्यांचं मचाण करून पिपं जमिनीपासून वर चढवली, भिंतीपासून लांब सरकवली. खाली धानाचा कोंडा पसरला. भुकटी काढायचं टिनाचं माप रोज शेकून घ्यायचं, पिपाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, मापभर काढलं की लगेच झाकण. खोलीत निखाऱ्याची शेगडी सतत ठेवायची.

शेगडीला सुकी लाकडं पाहिजेत. ओल्या लाकडांचा धूर होतो आणि भुकटीला वास लागतो. उन्हाळ्यात साठवलेलं ऐनाचं सरपण आता थोडंच आहे, ते मी शेगडीसाठी राखून ठेवलं. चुलीला ओली लाकडं चालतील.

दुसरी अडचण वाफेची. पातेलं खदखदलं की सगळी वाफ दारातून खोलीत शिरते. सुगंधाबाईला सांगितलं, पाणी फार तापवू नका, हाताला सोसवेल इतकं झालं की उतरवा. भुकटी विरघळल्याशी कारण.

ती म्हणाली, "तुमी म्हणता तसं करतो जी."

२ ऑगस्ट

भुकटी पिठीसारखी भुरभुरीत. मुठीत दाबून सोडली तर बोटांतून गळते. इतक्या पावसात, या मातीच्या भिंतींत! निरीक्षकसाहेबांनी यावं आणि बघावं असं मनापासून वाटतं.

नाला भरला. ब्रह्मपुरीची वाट बंद.

५ ऑगस्ट

वैनगंगा रात्रीतून चढली आणि खालच्या आळीतून पाणी फिरून गेलं. शाळेला धक्का नाही, भुकटीला थेंब लागला नाही. दुधासाठी पाणी भरतो त्या विहिरीत मात्र पुराचं पाणी उतरलं. पाणी चहासारखं लाल झालं आहे. सुगंधाबाई फडक्यातून गाळून घेते.

ती आज म्हणत होती, "मास्तर, लाकडं वल्लेच आहेत. पाणी नुसतं कोमट होऊन राह्यलं." मी म्हटलं, कोमटच पाहिजे. सुकलू दोनदा सांगून गेला की नदी आणखी वाढेल. शेगडीची राख काढून नवे निखारे भरले.

८ ऑगस्ट

वर्ग अर्धा रिकामा. मुलांची पोटं बिघडली आहेत. पावसाळ्यात हे व्हायचंच. बांबूचे कोवळे वास्ते निघाले आहेत, पोरं कच्चे खातात, वर पुरातले मासे. जी आली त्यांना मी जास्तीचं दूध दिलं. अशक्तपणात दूध चांगलं.

९ ऑगस्ट

कमळाला जुलाब आणि वांत्या. तिची आई रुखमा शाळेत आली आणि पेलाभर दूध मागून घेऊन गेली. घरी द्यायचं नाही असा नियम आहे, पण दिलं. "तेच मांगते, दुसरं काई पोटात ठेवत नाई," म्हणाली. पोरगी बरी होईल. लहान मुलं लवकर सावरतात.

१० ऑगस्ट

कमळा सकाळी गेली.

पुरानं सगळीकडे चिखल, पुरायला कोरडी जागा नाही. सुकलूनं तिला डोंग्यात घेतलं आणि नदीत सोडून आला. मी काठावर उभा होतो. रुखमा रडत नव्हती. तिनं मला विचारलं, "मास्तर, काल तर दूध पेली ना जी ते?"

मी हो म्हटलं.

१२ ऑगस्ट

बापूजींनी चावडीवर बोलावलं. आणखी मुलं आजारी आहेत, त्यांचा नातू मुखरूही. लोकांचं एकच म्हणणं, दूध आलं आणि दुखणं आलं.

"गाय नाई, म्हैस नाई, हे दूध कायचं आहे?" बापूजींनी विचारलं. आज कोणी हसलं नाही.

मी पीप तिथेच आणवलं. झाकण उघडून भुकटी दाखवली, हुंगायला दिली. ना बुरशी, ना वास. सगळ्यांसमोर मूठभर कोरडी तोंडात टाकली. माझा आवाज चढला होता. म्हटलं, "या भुकटीला मी लेकरासारखं जपलंय. हिच्यात काही दोष निघाला तर मला बांधून नदीत टाका."

 वाटलं, पटलं. मग झिंगू नावाचा एक म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "भुकटी चांगली असन. पण करते कोण?"

सगळ्या माना एकदम वळल्या. सुगंधाबाई पाठीमागे बायकांत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया उठून लांब सरकल्या.

मी काय बोलायला हवं होतं ते सुचेपर्यंत बैठक मोडली.

१३ ऑगस्ट

सुगंधाबाईच्या घराची कवेलं कोणीतरी फोडली. घरात पाणी गळतं आहे. करणी हा शब्द मी आज तीन जणांच्या तोंडून ऐकला. ती तरीही कामावर आली. म्हटलं, घाबरू नका, मी रोज सर्वांसमोर तुमच्या हातचं दूध पिईन. ती चुलीत फुंकत राहिली.

मुलांपैकी कोणीच आलं नाही. मी ओसरीवर उभा राहून दोन पेले प्यालो, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा.

१५ ऑगस्ट

झेंडा लावला. पावसात मी आणि सुगंधाबाई. बापूजी लांबून हात जोडून निघून गेले. पुन्हा दूध प्यालो. पोटात मुरडा येतो आहे.

१७ ऑगस्ट

उठवत नाही. अंगात पाणी राहिलेलं नाही. मग भुकटीतच काही आहे का? पण चावडीवर कोरडी खाल्ली तेव्हा काहीच झालं नव्हतं. दूध प्यायला लागल्यावर झालं. मग खरंच तिच्या हाताला काही आहे का?

हे वाक्य मी लिहिलं आहे. खोडत नाही.

१८ ऑगस्ट

सुगंधाबाई तांदळाची पेज घेऊन आली. मी गरम पाणी मागितलं. दारात उभी राहून तिनं विचारलं, "दुधाले करतो तसं कोमट आणू का उकळून आणू जी?"

साधा प्रश्न. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं मला ग्लानी आली.

शेगडीत ऐनाची सुकी लाकडं जळत होती. ती मी ठेवली. चुलीत ओली होती. ती मी दिली. वाफ नको म्हणालो तो मी. पुराची विहीर मला माहीत होती. साहेबांनी पहिली गोष्ट सांगितली होती ती पाणी उकळायची, आणि मी शेवटची तेवढी धरून बसलो. आजारी पोरांना जास्तीचं पाजलं. त्या दिवशी रुखमाच्या हातात पेला दिला.

भुकटी अजून कोरडी आहे.

१९ ऑगस्ट

कोणाला कळणार नाही. सुगंधाबाईलाही कळलेलं नाही. तिनं सांगितल्याप्रमाणे केलं, एवढंच तिला ठाऊक. उद्यापासून पाणी उकळलं, तर दुखणं आपोआप थांबेल. विहिरीवर दोष टाकता येईल, आणि ते खोटंही नाही.

दिवसभर हाच विचार करत पडून होतो. अधूनमधून तो बरोबरही वाटत होता.

मधे आळीतून सुकलू जाताना दिसला. त्याच्याकडे बघवलं नाही.

२० ऑगस्ट

मुखरूची अवस्था वाईट झाली आणि गाव पेटलं. दुपारी लोक सुगंधाबाईला घरातून ओढून घाटावर घेऊन गेले. डोंग्यात बसवून पलीकडे सोडायची, पुन्हा पाय ठेवला तर बघून घेऊ, असं ठरलं होतं. नदी दोन्ही तटांना लागलेली, झाडांचे ओंडके वाहत येत होते. अशा धारेत तिला पलीकडे पोचवायचं की मधेच, ते कोणी बोलत नव्हतं.

मी भिंतीला धरधरून घाटावर गेलो.  बापूजी म्हणाले, "मास्तर, तुमी घरी जा. तुमाले बी तिनंच पाजलं."

मी म्हटलं, "तिनं नाही. मी पाजलं."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. लाकडं, वाफ, विहीर. साहेबांनी उकळायला सांगितलं होतं हेही. आवाज बसलेला होता, त्यामुळे लोकांना जवळ यावं लागलं. पुढे सुकलू होता. वल्हं हातात.

"पाणी उकळलं असतं त पोरगी वाचली असती?" त्यानं विचारलं.

"बहुतेक वाचली असती."

"तुमाले मालूम होतं?"

"माहीत होतं. भुकटीच्या नादात विसरलो."

त्यानं वल्हं उचललं. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच लिहू शकतो. ते त्यानं माझ्या पायाजवळ चिखलात रोवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. मागून कोणीतरी मला ढकललं, मी पडलो. कोणी उचललं नाही. सुगंधाबाई स्वतःच उठली, लुगडं झटकलं आणि घरी गेली. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं नाही.

२२ ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही. काल सकाळी सुकलू दारात आला. "मुखरू जाते. डाक्टर आणाले पायजे. चाला."

"मी?"

"डाक्टर माझं ऐकून या पान्यात येईन काऊन? तुमी सांगा त्याले, काय झालं ते."

मी डोंग्यात बसलो. खरं सांगायचं तर मला वाटलं हा मला परत आणणार नाही. तो एकटाच वल्हवत होता, माझ्याकडे पाठ करून. मधल्या धारेत डोंगा गरकन फिरला आणि त्यानं वल्हं वर उचलून धरलं. आम्ही नुसते वाहत चाललो. आडवा ओंडका येताना मला दिसत होता. त्यालाही दिसत असणार.

"इथीच सोडलं तिले," तो म्हणाला.

 ओंडका अगदी जवळ आला तेव्हा त्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि डोंगा वळवला. मग सरळ आरमोरीच्या घाटाला लावला.

डॉक्टर तरुण आहेत. मी लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि निघाले. मुखरूच्या मांडीत सलाईन टोचलं, सल्फाच्या गोळ्या दिल्या, विहिरीत लाल औषध टाकलं. घरोघर जाऊन ओरडले, "पाणी उकळा, मगच प्या." सुकलू त्यांच्यामागे पिशवी घेऊन हिंडत होता.

जाताना सुकलूनं मला का बुडवलं नाही, हे मला अजून कळत नाही. नातवासाठी बापूजींचा धाक असेल.

२६ ऑगस्ट

मुखरू उठून बसला. पेज मागतो. नवीन आजारी कोणी नाही. काल पोळा झाला, पण बैल सजवले तरी वाजवणारे नव्हते.

सुगंधाबाईची कवेलं मी शेकारायला चढलो. तिनं खालून कवेलं वर दिली. काम संपल्यावर म्हणाली, "चावडीवर मायाकडे पाह्यलं सगळ्याईनं, तवा तुमी बी पाह्यलं." एवढंच. मी माफी मागितली. ती आत गेली.

३० ऑगस्ट

बदलीचा अर्ज लिहिला. झालेलं सगळंही त्यात लिहिलं. शिक्षा होईल ती होवो. इथे राहणं शक्य नाही. आळीतून जातो तेव्हा बाया पोरांना आत ओढतात. नदी उतरली की अर्ज डॉक्टरांच्या माणसाबरोबर जाईल.

३ सप्टेंबर

आज रुखमा आली. ओसरीच्या पायरीवर बसली.  मग म्हणाली, "तुमी जाऊन राह्यले म्हणते."

"हो."

"दुसरा मास्तर येईन."

"येईल."

"त्याले काय मालूम? तो बी म्हणन, भुकटी सांभाळा." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "तुमाले मालूम आहे. तुमी जाऊ नोका. मोठं पोट्टं आहे मायं. त्याले उपाशी ठेवू का?"

मी म्हटलं, "रुखमाबाई, तुम्हाला मी रोज डोळ्यांसमोर दिसेन."

"दिसा," ती म्हणाली. "रोज दिसा."

६ सप्टेंबर

अर्जातली बदलीची ओळ खोडली, बाकी सगळं तसंच ठेवलं. लाकडांसाठी लटारू कुंभाराकडे गेलो. भट्टीसाठी राखलेलं सुकं सरपण त्यानं थोडं दिलं. मोळी माझ्या डोक्यावर चढवताना हात लावला.

चूल ओसरीवरून उचलून अंगणात, खोलीपासून लांब मांडली, वर पळसाच्या पानांचं छप्पर. ही एवढीच गोष्ट तेव्हा करायची होती. जुलैमध्ये ते एका दुपारचं काम होतं.

सुगंधाबाई येईल असं वाटलं नव्हतं. आली. पातेलं घासून चुलीवर ठेवलं. मागोमाग रुखमा आली, थोरल्या मुलाला हाताला धरून. तो एकटाच विद्यार्थी.

आम्ही चौघं पातेल्याभोवती उभे राहिलो. तळाशी बारीक बुडबुडे आले. मग कडेनं हलायला लागलं.

"उतरू का जी?" सुगंधाबाईनं मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत रुखमा म्हणाली, "थांब."

पाणी खदखदायला लागलं, उसळून कडेवरून चुलीत पडलं. चर्र झालं, राख उडाली. रुखमा वाकून पातेल्यात बघत होती. वाफ सरळ तोंडावर येत होती, तरी मान मागे घेत नव्हती. तोंड ओलं झालं होतं. कशानं, ते मला सांगता येणार नाही.

मग ती मागे सरली आणि म्हणाली, "आता उतर."

निवल्यावर मी भुकटी फेटली. तिनं पेला आधी माझ्यापुढे धरला. मी प्यालो. मग तिनं मुलाला दिला आणि तो संपेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

कुंपणापलीकडून दोन पोरं बघत होती. त्यातला एक मुखरू होता, काडीसारखा झालेला. रुखमानंच त्यांना हाक मारली.